घरचं नेब्युलायझर मशीन आणि मास्कवाला स्पेसर: दीड वर्ष दोन्ही वापरून सांगतेय आधी काय घ्या

माझी नणंद बदलापूरला असते. तिच्या सव्वादोन वर्षांच्या मुलाला गेल्या आठवड्यात पहिल्यांदा छातीत शिट्टी वाजायला लागली आणि डॉक्टरकडून घरी आल्या आल्या तिचा मला फोन, वहिनी तुमच्याकडे ते वाफेचं मशीन आहे ना, कुठल्या कंपनीचं आहे सांगा, मी आत्ताच ऑर्डर टाकते. मी म्हटलं अगं थांब, ऑर्डर टाकू नकोस, आधी माझं ऐक. मग तासभर बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं की हे सगळं मला कोणी दीड वर्षापूर्वी सांगितलं असतं तर एक रात्र तरी टळली असती, म्हणून लिहितेय. मशीन म्हणजे औषधाचं धुकं करणारं नेब्युलायझर, आणि स्पेसर म्हणजे दम्याच्या पंपाला (इनहेलरला) लावायची, मास्क असलेली प्लास्टिकची नळी. मशीनच्या कंपनीचं नाव लिहिणार नाही, कारण मला जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाहीये.

आम्ही लालबागला राहतो, चाळ पाडून झालेल्या बिल्डिंगमध्ये, समोर अजून एका चाळीचं काम चालू आहे. मुलगी चिऊ, आता साडेतीन वर्षांची. दीड वर्षापूर्वी जूनमध्ये प्लेग्रुपला घातलं आणि पहिल्या पंधरा दिवसांत सर्दी, ती जाते न जाते तोच दुसरी, आणि जुलैच्या तिसऱ्या सर्दीला तिसऱ्या दिवशी रात्री तिच्या छातीतून आवाज यायला लागला. मांजर घुरघुरतं तसा नाही, बारीक, श्वास सोडताना शिट्टीसारखा. सासूबाई म्हणाल्या डबा झालाय हिला (लहान मुलाची छाती भरली की जुनी माणसं असं म्हणतात), ओवा गरम करून शेका. बाहेर धो धो पाऊस. आम्ही टॅक्सी करून परळला गेलो, केईएम, वाडिया ही हॉस्पिटलं सगळी दहा मिनिटांवर आहे आमच्या, त्या बाबतीत नशीबवान आहोत. तिथे मास्क लावून तीनदा औषध दिलं आणि पहाटे ती माझ्या मांडीवर झोपली.

तिथल्या डॉक्टरांनी कागदावर दोन गोल काढून समजावलं ते मला अजून आठवतं. मोठ्या माणसाची श्वासाची नळी आणि लहान मुलाची नळी. व्हायरसमुळे आतून सूज आली की मोठ्या नळीला फारसा फरक पडत नाही पण लहान नळीत तेवढ्याच सुजेने जागाच उरत नाही, नळी निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, जवळजवळ सोळा पट होतो. म्हणून जी सर्दी आपल्याला दोन शिंका देऊन जाते तीच मुलाला धाप लावते. बहुतेक वेळा हे व्हायरसचंच काम असतं, त्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही, म्हणून दिलं नाही. मी तेव्हा विचारलं की दमा आहे का हो हिला, तर म्हणाले पाच वर्षांच्या आत तसा शिक्का मारायची घाई करायची नाही, बरीच मुलं पाच-सहा वर्षांची होईपर्यंत यातून बाहेर पडतात, पण सर्दी नसतानाही शिट्टी वाजायला लागली, अंगावर एक्झिमा असला, आई-वडिलांना दमा असला तर लक्ष ठेवायचं.

आता मशीनबद्दल. त्या रात्री मशीनने मुलीला बरं वाटताना डोळ्यांनी बघितलं होतं, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने ऑनलाइन मागवलं, १,८५० रुपये. कॉम्प्रेसरवालं, म्हणजे डब्यातला पंप हवा दाबून नळीतून छोट्या कपात सोडतो आणि कपातल्या औषधाचं धुकं होतं. सगळे वाफेचं मशीन म्हणतात पण ती वाफ नाहीच, गरम काही नसतं, औषधाचे अगदी बारीक थेंब असतात, एक ते पाच मायक्रॉनचे, तेवढे बारीक असले तरच खाली छातीत पोचतात, मोठे असले तर घशातच चिकटतात. हे सांगतेय कारण आमच्या मजल्यावरच्या एकीने वाफच आहे म्हणून कपात नळाचं पाणी भरलं होतं. नळाचं पाणी, बिसलरीचं पाणी काहीही घालायचं नाही, डॉक्टरने सांगितलेलं औषध आणि लागलंच तर सलाइन, म्हणजे निर्जंतुक मिठाचं पाणी, बस.

चांगलं काय ते आधी सांगते. मूल झोपेत असलं, दमलेलं असलं, तरी त्याला काही करावं लागत नाही, नुसता श्वास घ्यायचा. हातात घेऊन बसलो की होतं. मजबूत आहे, दीड वर्षात मोटर बंद पडली नाही.

वाईट बरंच आहे. आवाज, हा पहिला. मिक्सरएवढा नाही पण रात्री अडीचला शांततेत तो घर्रर्र आवाज चिऊला इतका घाबरवायचा की मशीन कपाटातून काढताना बघितलं तरी रडायला लागायची, आणि सकाळी शेजारच्या काकू विचारायच्या, परत लागलं का गं पोरीला. सोबत आलेले दोन मास्क, एक मोठ्या माणसाचा, एक लहान मुलांचा म्हणून दिलेला, पण तो सहा-सात वर्षांच्या मुलाला बसेल असा, चिऊच्या गालाशी एवढी फट राहायची की अर्धं धुकं तिच्या डोळ्यांकडे. ती रडते म्हणून मी मास्क चार बोटं लांब धरायचे, मला वाटायचं जातंय ना नाकात थोडं तरी. नाही जात. मास्क थोडा जरी लांब धरला तरी पोचणारं औषध खूपच कमी होतं, आणि रडणारं मूल श्वास असा घेतं की औषध छातीत जातच नाही. म्हणजे पहिले तीन-चार महिने मी दहा दहा मिनिटं तिला रडवून औषध बहुतेक आमच्या खोलीलाच देत होते. याचं मला फार वाईट वाटतं.

मग धुणं. प्रत्येक वेळी कप आणि मास्क उघडून धुवायचा, सुकवायचा, आणि मुंबईच्या पावसाळ्यात सुकवायचा कुठे, आमच्या किचनच्या भिंतीला स्वतःलाच ओल असते. नळीत पाण्याचे थेंब राहतात, त्यासाठी औषध न घालता मशीन मिनिटभर चालवायचं हे मला मेडिकलवाल्याने नाही, एका सिस्टरने सांगितलं. कप तिरका झाला की धुकं बंद, म्हणजे मूल आडवं झालं की आपण त्याच्याबरोबर वळत बसायचं. फिल्टर म्हणून एक छोटा पांढरा गोल तुकडा असतो तो दोन महिन्यांत काळपट झाला, समोर बांधकाम असल्यावर आणखी काय होणार. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने उंच पत्रे लावा, पाणी मारा, हिरवं कापड लावा असे धुळीचे नियम काढले होते, आमच्या समोर पत्रे आहेत पण पाणी मारताना मी क्वचितच बघते, आणि तो फिल्टर हातात धरला की कळतं की हीच हवा पोरगी दिवसभर ओढतेय. कस्टमर केअरला नळीचा जोड सैल झाला म्हणून तक्रार केली तर वॉरंटीत असूनही नवी नळी यायला तीन आठवडे लागले, आणि तेव्हा ऑक्टोबर हीट, निम्मा प्लेग्रुप खोकत होता. माहितीपत्रक फक्त इंग्लिशमध्ये. सासूबाईंकडे मूल सोडून मी ऑफिसला जाते, त्यांनी ते वाचायचं कसं?

मशीन घ्यायचंच असेल तर कॉम्प्रेसरवालंच घ्या. अल्ट्रासॉनिक, म्हणजे कंपनांनी धुकं करणाऱ्या प्रकारात ब्युडेसोनाइडसारखं सूज कमी करणारं स्टेरॉइड चालत नाही. मेशवालं छोटं, बिनआवाजाचं असतं पण महाग पडतं आणि नीट धुतलं नाही तर त्याची जाळी चोंदते.

आता ती रात्र. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, हवा अजून जडच होती, खिडकीतून समोरची बिल्डिंग धुरकट दिसायची. चिऊला संध्याकाळी सर्दी, रात्री दहाला शिट्टी. मी मशीन लावलं. बरी वाटली. एकला परत वाढलं, परत लावलं. साडेतीनला परत. तिचे हात थरथरत होते आणि छाती धडधडत होती, त्या औषधाने होतं तसं, श्वासाची नळी मोकळी करणाऱ्या सालब्युटामॉलच्या एका कुपीत अडीच मिलिग्रॅम असतं आणि हातातल्या पंपाच्या (इनहेलरच्या) एका पफमध्ये ०.१ मिलिग्रॅम, भले त्यातलं बरंच हवेत आणि कपातच जात असलं तरी फरक बघा. साडेतीननंतर शिट्टी कमी झाली आणि मला वाटलं सुटली. नवऱ्याला म्हटलं झोप, सकाळी दाखवू. पाचला ती उठली तेव्हा गळ्याखाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता, बरगड्यांमधली जागा आत ओढली जात होती, पोट उडत होतं, पाण्याचा घोट दिला तर गिळता गिळता थांबली, आणि मम्मा एवढं पण तिला एका दमात म्हणता येईना. आवाज मात्र काहीच नाही. टॅक्सीत मी तिचं नाव घेत होते आणि ती डोळे उघडत नव्हती.

रक्तातला ऑक्सिजन ८९ टक्के होता.

शिट्टी थांबली कारण हवा आत-बाहेर जायचीच कमी झाली होती. हे मला माहीत नव्हतं. शिट्टी वाजण्यासाठी पण हवा लागते. आवाज कमी झाला आणि मूल मोकळं, खेळकर, बोलतंय तर ठीक, पण आवाज कमी झाला आणि मूल मलूल आहे, ओढून श्वास घेतंय तर तो धोका जास्त आहे. तिथला तरुण डॉक्टर मला ओरडला नाही, एवढंच विचारलं, ताई, घरी मशीन होतं म्हणून थांबलात का? मी हो म्हटलं. जुलैमध्ये मशीन नव्हतं म्हणून आम्ही तासाभरात परळला होतो, नोव्हेंबरमध्ये मशीन होतं म्हणून सात तास घरी बसलो. माझा मशीनवरचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे, आवाज-बिवाज नंतर. मशीन घरात असलं की आपल्याला वाटतं आपल्याकडे हॉस्पिटलच आहे. पण हॉस्पिटलमध्ये ते ऑक्सिजनवर चालवतात, दर थोड्या वेळाने कोणीतरी छाती तपासतं, आपल्याकडे काय आहे, आपण आणि घड्याळ.

दोन रात्री ॲडमिट होती. आणि तिथेच मी पहिल्यांदा नीट बघितलं की पहिल्या काही तासांनंतर वॉर्डात मशीन जवळजवळ कोणाला लावतच नाहीत, प्रत्येक बेडवर एक एक प्लास्टिकची बाटलीसारखी नळी आणि तिला लहान मास्क. स्पेसर. माझी समजूत होती की स्पेसर म्हणजे हलकं काहीतरी आणि मशीन म्हणजे खरं औषध. डॉक्टर म्हणाले औषध तेच, फक्त पोचवायची पद्धत वेगळी, आणि साध्या किंवा मध्यम त्रासात स्पेसर मशीनएवढंच काम करतो, मुलांमध्ये तर मशीनपेक्षा छातीची धडधड कमी होते. नुसता पंप तोंडात मारला तर औषध जोरात येऊन घशावर आपटतं, लहान मुलाला तो दाबणं आणि श्वास ओढणं एकत्र जमणं शक्य नाही, स्पेसरमध्ये ते औषध क्षणभर थांबतं आणि मूल आपल्या चालीने श्वास घेऊन ते आत ओढतं.

घरी आल्यावर खरी लढाई सासूबाईंशी होती आणि मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या भावाला दमा होता, शेवटची वर्षं हातात पंप घेऊनच काढली, त्यामुळे पंप म्हणजे शेवट असं त्यांच्या डोक्यात पक्कं. एवढ्याशा पोरीला पंप लावलास तर जन्मभर सुटणार नाही, उद्या लग्नात लोक काय म्हणतील. हे मी किती घरांत ऐकलंय. मी त्यांना फॉलोअपला सोबत घेऊन गेले. डॉक्टर त्यांना म्हणाले आजी, सवय पंपाची लागत नाही, आजार असेपर्यंत औषध लागतं, सर्दी संपली की पंप कपाटात. आणि तोंडातून सिरप दिलं तर औषध आधी पोटात, मग रक्तात, मग सगळ्या अंगात फिरून थोडंसं छातीत, पंपाने सरळ जिथे हवं तिथे, म्हणून मात्रा इतकी कमी लागते. मग म्हणाले हा पंप १९५६ सालापासून आहे, अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या साहेबाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारलं की माझं औषध स्प्रेच्या डब्यात का नाही मिळत, त्यातून निघाला. सासूबाईंचा जन्म १९५५चा. बाहेर आल्यावर म्हणाल्या, म्हणजे माझ्याएवढा आहे की हा पंप. तिथून थोड्या नरमल्या.

स्पेसर नवऱ्याने प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणला, त्याचं ऑफिस मरीन लाइन्सला आहे आणि तिथे औषधांची, सर्जिकल सामानाची दुकानं रांगेने आहेत. लहान मास्कसकट ४२० रुपये, त्याच दिवशी आमच्या इथल्या मेडिकलमध्ये विचारलं तर ५८० सांगितले, आणि लहान मास्क नाही, मोठाच आहे म्हणाला. प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानदाराने मुलाचं वय विचारून दोन मास्क काढून दाखवले, हातावर दाबून बघा म्हणाला, मऊ आहे की कडक. तो मऊपणाच सगळं आहे. नाकाच्या हाडापासून हनुवटीपर्यंत झाकलं पाहिजे पण डोळ्यांना लागता कामा नये, आणि गालावर फट नको. पंप दोनशेच्या आतबाहेर, त्यात २०० पफ असतात.

वापरायची पद्धत जशी मला शिकवली तशी लिहिते, किती पफ ते मात्र तुमच्या डॉक्टरकडून कागदावर लिहूनच घ्या. पंप हलवायचा, नवा असेल तर आधी दोन-तीन पफ हवेत मारायचे. स्पेसरला लावायचा, मास्क चेहऱ्यावर घट्ट पण प्रेमाने बसवायचा, एक पफ दाबायचा आणि मुलाचे पाच-सहा श्वास मोजायचे, व्हॉल्व्हची पापडी हलताना दिसते ती मोजायची. मग अर्धा मिनिट थांबून, परत हलवून, दुसरा. मी पहिल्या आठवड्यात लवकर संपवायचं म्हणून दोन पफ एकदम मारायचे, ते चुकीचं आहे, दोन्ही एकमेकांना चिकटून वाया जातात. एका वेळी एकच. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायला लावायची किंवा तोंड-गाल पुसून घ्यायचे.

धुण्याची एक गोष्ट कोणी सांगत नाही. प्लास्टिकच्या स्पेसरला आतून फडक्याने पुसायचं नाही. पुसलं की स्टॅटिक चार्ज येतो, कंगव्याला कागद चिकटतो ना तसा, आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा, आणि तसाच निथळत उभा ठेवायचा, आपोआप सुकू द्यायचा. नवा आणल्यावर पण आधी हेच करायचं. काही स्पेसर अँटिस्टॅटिक मटेरियलचे मिळतात, दुकानात विचारा.

चिऊला पटवायला आधी तिच्या बाहुलीला पफ. रोज, आजारी नसताना, रिकामा मास्क लावून खेळ, एक दोन तीन चार पाच. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतः मास्क धरायला लागली. मशीनला पंचवीस मिनिटं जायची, काढणं, रडणं, देणं, धुणं सगळं धरून. हे दोन-तीन मिनिटांत होतं, आणि ती रडत नाही, म्हणजे औषध आत जातं.

आणि कुठेही नेता येतो. यंदा गणपतीला कुडाळला जाताना रात्रीच्या गाडीत चिपळूण गेल्यावर तिला खोकला सुरू झाला, मग बारीक शिट्टी. डब्यातल्या मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटवर असलं मशीन लावायचं नसतं. बॅगेतून स्पेसर काढला, डॉक्टरने लिहून दिले होते तेवढे पफ दिले, वीस मिनिटांत ती परत झोपली आणि पोचल्यावर तिथल्या डॉक्टरला दाखवलं. मशीनवर अवलंबून असते तर त्या अंधारात मी काय केलं असतं.

स्पेसरच्या तक्रारी पण आहेत. वर्षभरात मास्क कडक झाला, बदलावा लागला, आणि नुसता मास्क वेगळा मिळायला आमच्या भागात चार दुकानं फिरावं लागलं. व्हॉल्व्ह एकदा चिकटला होता आणि माझ्या दोन दिवस लक्षातच आलं नाही, म्हणून दर वेळी उजेडात धरून पापडी हलते का बघा. आमच्या पंपावर आकडा दाखवणारा काउंटर नाही, हलवून आवाज आला तरी आत औषध असेलच असं नाही, नुसता गॅस असू शकतो. मी मार्करने पंपावर सुरू केल्याची तारीख लिहिते आणि फ्रिजवर कागद लावून पफच्या रेघा मारते, आता ते काम सासूबाई करतात. आणि एक मोठी उणीव, स्पेसर विकताना कोणीही कसा वापरायचा ते दाखवत नाही. जो डॉक्टर लिहून देतो त्याच्यासमोर तुम्ही स्वतः एकदा देऊन दाखवा, मी दिलं तेव्हा माझ्या दोन चुका निघाल्या.

पण मशीन घ्या की स्पेसर घ्या, सगळ्यात उपयोगी वस्तू आमच्या घरात फुकटची निघाली, घड्याळाचा सेकंद काटा. मूल शांत असताना, झोपलेलं असेल तर उत्तम, फ्रॉक वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षं चाळीस किंवा जास्त म्हणजे श्वास जलद चाललाय, दाखवायलाच हवं. आणि मोजायची वाट बघू नका जर गळ्याखाली खड्डा पडतोय, बरगड्या आत जातायत, बोलता-पिता येत नाहीये, ओठ निळसर, मूल गळून गेलंय, किंवा पफ दिल्यावर चार तासांच्या आत परत द्यावा लागतोय. तेव्हा थेट हॉस्पिटल, गाडी नसेल तर १०८. मोठ्या माणसांचा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर एवढ्याशा बोटावर नीट बसत नाही, चुकीचा आकडा दाखवू शकतो, माझा त्याने एकदा ९८ दाखवून जीव भांड्यात पाडला होता आणि पोरीचा श्वास मात्र पन्नास चालला होता. आकड्यावर नाही, छातीवर बघा.

अगदी लहान बाळांचं वेगळं असतं. एक-दीड वर्षाच्या आतल्या बाळाला पहिल्यांदाच असं झालं तर बऱ्याचदा ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे व्हायरसमुळे छातीतल्या बारीक नळ्यांना आलेली सूज असते, त्यात हे पंपाचं औषध बहुतेकांना काही कामाचं ठरत नाही, नाक साफ ठेवणं, थोडं थोडं दूध आणि लक्ष, एवढंच. म्हणून माझं बघून कोणी सहा महिन्यांच्या बाळाला आपल्या मनाने काही देऊ नका.

मेडिकलच्या दुकानाबद्दल पण लिहायचंय. आमच्या इथल्या एका दुकानात, नाव नाही लिहीत, मी चिऊला खोकला आहे एवढंच सांगितलं तर काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठी न मागता नेब्युलायझरच्या कुप्या आणि एक सर्दीचं सिरप पुढे ठेवलं, सिरपच्या बाटलीवर बारीक अक्षरात चार वर्षांखाली देऊ नये असं छापलेलं होतं. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन ही सर्दीची दोन औषधं एकत्र असलेल्या सिरपवर ही सूचना छापायचा आदेश डिसेंबर २०२३चा आहे. चिऊ तेव्हा अडीच वर्षांची. ती बाटली मी त्याच्यासमोर वाचून दाखवली आणि परत केली. बाटली घेतली की मागची बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावून वाचा.

घरात काय बदललं ते थोडक्यात. संध्याकाळची धुरी बंद, अगरबत्ती देवापुरती क्षणभर आणि मग बाल्कनीत, मच्छरची कॉइल बंद, जाळी लावली. कापूर पुरचुंडीत बांधून तिच्या उशाशी ठेवायचो ते बंद केलं, कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. गरम पाण्याच्या भांड्यावर वाफ द्यायचं पण बंद, भाजण्याचा धोका आहे आणि शिट्टीला त्याचा उपयोग नाही. दर वर्षी फ्लूची लस. सासरे जिन्यात जाऊन सिगरेट ओढायचे, तेवढ्याने पुरत नाही, कपड्यांना धूर राहतो, हे मी त्यांना बोलू शकत नव्हते. ते त्या नोव्हेंबरच्या सकाळी हॉस्पिटलच्या पायरीवर बसले होते, चिऊच्या चपला हातात घेऊन, आणि त्या दिवसापासून त्यांनी ओढली नाही. आम्ही कोणीच त्यांना काही म्हटलं नव्हतं.

मार्क द्यायचे तर मशीन पाचपैकी दोन, स्पेसर साडेचार, अर्धा कापला तो लहान मास्क सहज मिळत नाही म्हणून. ज्यांच्या मुलाला डॉक्टरने स्वतः मशीन घ्यायला सांगितलंय त्यांनी घ्यावंच, त्यांची कारणं वेगळी असतात. पण पहिल्या शिट्टीनंतर घाबरून ऑर्डर टाकत असाल तर आधी स्पेसर, लहान मऊ मास्क, आणि डॉक्टरसमोर एकदा हात बसवून घेणं. आमचं मशीन माळ्यावर आहे, गेल्या दिवाळीपासून खाली काढलेलं नाही.

परवा मी ऑफिसातून घरी आले तर चिऊला सर्दी होती, बारीक खोकला. सासूबाई जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, चिऊ त्यांच्या पुढ्यात, फ्रॉक वर केलेला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्या ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. मी काहीतरी विचारायला गेले तर हाताने थांब म्हणाल्या. मिनिट संपल्यावर म्हणाल्या, अठ्ठावीस. पाणी आण आता मला.